पावणेदोनशे किलोचा गठ्ठा

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी नववीच्या सहामाहीचा गणिताचा पेपर मी काढला होता आणि त्यातला सातवा प्रश्न मला अजून पाठ आहे. आज ब्याऐंशीव्या वर्षी मी औषधाच्या वेळा विसरते, डोक्यावर सरकवलेला चष्मा घरभर शोधते, पण सातवा प्रश्न मात्र हलायला तयार नाही. काही गोष्टी माणूस लक्षात ठेवतो आणि काही गोष्टी माणसाला लक्षात ठेवतात. ही दुसऱ्या जातीची.

सुरुवात माझ्या धाकट्या दिरांच्या पाठीपासून झाली. गावाबाहेर त्यांचा गोठा होता, गोठ्यात नऊ गाई. गाईंना लागणारं वाळलेलं गवत मोठाल्या गोल गठ्ठ्यांनी यायचं. एकेक गठ्ठा माझ्या खांद्याला लागेल एवढा, यंत्रानं गच्च गुंडाळलेला. दीर आणि जाऊ मिळून ते पहारीनं ढकलत ढकलत आत न्यायचे. अशाच एका गठ्ठ्याशी झुंजताना दिरांच्या पाठीत काहीतरी सटकलं, आणि ते तीन आठवडे छताकडे बघत पडून राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे भरलेल्या चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही.

किटलीनं नऊ गाईंचं पोट भरत नाही. दिरांनी गुरांच्या दलालाला निरोप दिला, तीस तारखेपर्यंत गठ्ठे हलवायची सोय झाली नाही तर या आणि गाई घेऊन जा. त्यांनी हे आम्हाला अगदी सहज आवाजात सांगितलं आणि मग उगाचच खिडकीची कडी लावून पाहिली. त्या नवातली एक गाय त्यांनी शीळ घातल्याशिवाय दूध देत नसे. त्यांना शीळ एकच यायची, तीही बेसूर. दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात तिचं कसं होणार, हे ते बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

स्किड लोडर नावाचं यंत्र मिळतं, असं कोणीतरी सांगितलं. लहानशा मोटारीएवढं धूड, दोन बाजूंना दोन लोखंडी बाहू, पुढे एक लांब सुळा. सुळा गठ्ठ्यात खुपसायचा, बाहू वर घ्यायचे, की गठ्ठा उचलला. जागच्या जागी गरकन वळतं. विक्रेत्याकडे तीन आकार होते, लहान, मधला आणि मोठा. कोणता घ्यायचा एवढाच प्रश्न होता.

"वहिनी," दीर पडल्या पडल्या म्हणाले, "तुम्ही गणिताच्या. तुम्हीच ठरवा."

हे वाक्य मला कोणी म्हणायला नको होतं. वीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते की गणित रोजच्या जगण्यात उपयोगी पडतं, आणि वीस वर्षांत ते माझ्या स्वतःच्या जगण्यात दूधवाल्याच्या हिशेबापलीकडे उपयोगी पडलेलं नव्हतं. मी त्या पलंगाशेजारी उभी राहिले आणि मला आतून ताठ झाल्यासारखं वाटलं.

जाऊ चहा घेऊन आली. ती फार शिकलेली नव्हती, आणि आपण शिकलेलो आहोत हे मी तिला कधी जाणवू देत नाही, असा माझा समज होता.

"ताई," ती म्हणाली, "गठ्ठेवाला दर खेपेला वजनकाट्यावर जाऊन येतो. ट्रॉलीत किती भरायचं याला नियम आहे म्हणे. त्याच्याकडे पावत्या असतात. विचारू का त्याला, एक गठ्ठा केवढ्याला भरतो ते?"

"अगं, तो विकणारा माणूस. तो वाढवूनच सांगणार."

"तो वजनावर नाही ओ विकत, नगावर विकतो."

"मग त्याला वजनाचं काय कळणार?"

जाऊ कप उचलून आत गेली. आज हे लिहिताना मला माझ्या या उत्तरातला तर्क सापडत नाही. तेव्हा तो मला बिनतोड वाटला होता.

वजनकाटा गावाच्या टोकाला होता. तिथे ट्रकवाले उभे असायचे, तेलाची डबकी असायची. हातात पट्टी घेऊन मी तिथे जाऊन उभी राहणं मला बरं दिसलं नाही. शिवाय घनफळाचं सूत्र कशासाठी असतं? मी टेपनं गठ्ठा मोजला. व्यास एकशे तीस सेंटिमीटर, लांबी एकशे वीस. मग घरून बिस्किटांचा दहा लिटरचा रिकामा डबा नेला, गोठ्यात सांडलेलं गवत त्यात मुठीनं दाबून दाबून भरलं, आणि घरी आणून स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवलं. अकराशे ग्रॅम. म्हणजे एका घनमीटरला एकशे दहा किलो. गुणाकार केला. गठ्ठ्याचं वजन एकशे पंचाहत्तर किलो. पावणेदोनशे. उत्तर इतकं गुळगुळीत आलं की मी ते दोनदा वाचलं.

आमचे हे तेव्हा टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होते. यांचा सगळा दिवस तोलण्यात जायचा. लोक खिडकीशी येऊन सांगायचे, अर्धा किलोच आहे हो, आणि हे काही न बोलता ते काट्यावर ठेवायचे. संध्याकाळी मी यांना वही दाखवली.

यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तोललंस?"

"काढलंय."

"काढलंस ते दिसतंय. तोललंस का?"

"अहो, गठ्ठा का तुमच्या खिडकीतून जाणार आहे?"

"नाही जाणार," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. वर्तमानपत्र कोणत्या वेगानं वर जातं यावरून मला बरंच कळायचं. त्या दिवशी ते फार हळू गेलं.

शेजारचे गृहस्थ बोटीवर इंजिनिअर होते आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मनानं बोटीवरच होते. सगळी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची, जे ते कधीच नव्हते. ते न बोलावता आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर विक्रेत्याची तिन्ही पत्रकं नकाशासारखी पसरून बसले.

"मोठा घ्या," ते म्हणाले. "समुद्रात लहान यंत्र म्हणजे आत्महत्या."

"गोठा आहे हो, समुद्र नाही."

"आज नाही," कप्तान गंभीरपणे म्हणाले.

या माणसाचं काहीही ऐकायचं नाही, असं मी ठरवलं, आणि तिथेच माझं चुकलं, कारण त्याच बैठकीत त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. पत्रकात लहान यंत्रापुढे दोन आकडे होते. उचलण्याचं सुरक्षित वजन अडीचशे किलो, आणि उलटण्याचं वजन पाचशे. कप्तान म्हणाले, हा दुसरा आकडा यंत्राला पुढे बादली लावून तिच्यात भरलेल्या मातीसाठी असतो. ओझं जितकं पुढे लांबेल तितकं यंत्र लवकर पालथं होतं, आणि गठ्ठा चांगलाच पुढे लांबतो. मला उलटणं हा शब्दच आवडला नाही. मी उलट असा हिशेब केला की पावणेदोनशेचा गठ्ठा आणि अडीचशेचं यंत्र, म्हणजे पंचाहत्तर किलो हातचे राहिले, वर कंपनीनं भीतीपोटी धरलेलं निम्मं वेगळंच. मधल्या आकाराचं यंत्र साडेचारशे किलो उचलायचं. ते घेणं म्हणजे मला नुसती उधळपट्टी वाटली.

तरी खात्री करून घ्यावी असं मनात आलं. खात्री कशी करतात? दुसऱ्याकडून तपासून घेतात. आणि माझ्याकडे तर तपासायला त्रेचाळीस जण होते.

सहामाहीचा सातवा प्रश्न मी असा घातला: 'गवताच्या गोल गठ्ठ्याचा व्यास १३० सेमी व लांबी १२० सेमी आहे. एका घनमीटर गवताचे वजन ११० किलो असल्यास गठ्ठ्याचे वजन काढा व २५०, ४५० आणि ८०० किलो उचलणाऱ्या यंत्रांपैकी योग्य यंत्र निवडा.' गुण सहा.

पेपर तपासायला घेतले. पहिल्यात उत्तर आलं, पावणेदोनशे, लहान यंत्र. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच, शेजारच्याचं बघून, पण तेच. दहाव्या पेपरापर्यंत माझी छाती फुगली होती. मीच दिलेले आकडे मलाच परत मिळत होते, आणि मी ते साक्षीदार म्हणून मोजत होते. बेचाळीस मुलांनी लहान यंत्र निवडलं. त्याच संध्याकाळी, पेपरांचा गठ्ठा मांडीवर असतानाच, मी विक्रेत्याच्या मागणीपत्रावर लहान आकारापुढे खूण केली.

त्रेचाळिसावा पेपर तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीचा होता. ती गठ्ठेवाल्याची मुलगी. वर्गात ती फारशी बोलत नसे. तिनं उदाहरण सोडवलंच नव्हतं. लिहिलं होतं: 'असा गठ्ठा काट्यावर तीनशे दहा किलो भरतो. प्रश्नातले वजन बरोबर नाही. गठ्ठा यंत्राने आवळलेला असतो, हाताने दाबलेल्या गवताइतका हलका नसतो. सुळ्याचे पन्नास किलो धरलेले नाहीत.' मी तांबड्या शाईनं तिरकी रेघ ओढली, शून्य दिलं आणि खाली शेरा लिहिला: 'विचारले तेवढेच लिहावे.'

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पेपर परत देताना मी तिला उभं केलं आणि उत्तर कसं लिहू नये याचा नमुना म्हणून तिचं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. 'प्रश्नातले वजन बरोबर नाही' या वाक्याला मागच्या बाकांवर हसू फुटलं. मला ते हसू आवडलं. वर मी म्हणाले, "बाळ, इथे गवत विकायचं नाहीये, गणित सोडवायचंय." मग सगळा वर्ग हसला.

ती रडली वगैरे नाही. "बसू का, बाई?" असं विचारलं, बसली, आणि वहीच्या कडेला पेन अगदी समांतर लावून ठेवलं. पेपर दाखवून झाल्यावर शाळेच्या पद्धतीप्रमाणे ते सगळे गोळा होऊन कपाटात गेले.

यंत्र आलं. आल्याबरोबर त्याची नोंदणी करायची होती, म्हणून मी आणि दीर सरकारी कचेरीत गेलो. दीर पाठीला पट्टा बांधून, अंगात काठी घातल्यासारखे. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पुढे ओढला.

"वाहन की यंत्र?"

"दोन्ही म्हणा," मी म्हटलं.

"दोन्हीला रकाना नाही. स्टिअरिंगचं चाक आहे का त्याला?"

"नाही. दोन दांडे आहेत. एका बाजूची चाकं थांबवली की ते वळतं."

"चाक नाही म्हणजे वाहन नाही." त्यानं लिहायला सुरुवात केली. "यंत्र. फिरतं की स्थिर?"

"फिरतं."

"फिरत्या यंत्राला स्टिअरिंगच्या चाकाचा प्रकार लिहावा लागतो."

दिरांनी खिडकीच्या कठड्याला घट्ट धरलं होतं. त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "बरं, मग तुमच्याकडे काय बसतंय ते लिहा." त्यानं लिहिलं, 'स्थिर यंत्र'. शिक्का मारला. मी आभारही मानले.

रविवारी सकाळी गठ्ठा उचलण्याचा समारंभ ठेवला. समारंभ हा माझाच शब्द. मी शाळेतल्या दोन बाईंना बोलावलं, कप्तान सपत्नीक आले, हे सुट्टीचे कपडे घालून आले. गुरांचा दलालही आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो कुंपणाला टेकून उभा राहिला आणि गाई मोजल्यासारखं करत होता. तीस तारखेला बारा दिवस उरले होते.

दिरांना बसण्याची मनाई होती, जाऊ पुढे झाली, पण यंत्र मी निवडलेलं. मीच बसले. विक्रेत्याच्या माणसानं पंधरा मिनिटं शिकवलं. पट्टा बांधला, दांडे धरले, सुळा गठ्ठ्यात खुपसला. गवतात सुळा जातो तेव्हा मोठा समाधानाचा आवाज होतो. मी बाहू वर घेतले.

गठ्ठा वीतभर उचलला गेला. टाळ्या सुरू झाल्या. मग मला जाणवलं की गठ्ठा जागच्या जागी आहे आणि वर मी जाते आहे. मागची चाकं जमिनीवरून सुटली, यंत्रानं सावकाश, अगदी सभ्यपणे मान खाली घातली, आणि मी गठ्ठ्याला वाकून नमस्कार करते आहे अशा अवस्थेत पट्ट्याला लटकून राहिले. चष्मा गवतात पडला. गाईंनी रवंथ थांबवलं होतं.

"दांडे सोडू नका," कप्तान ओरडले. "बोट कलली की आधी स्थिर राहायचं."

"वहिनी, लागलं का हो?" दिरांचा आवाज.

"नाही."

"मग उतरता येतंय का?"

"नाही."

हे पुढे आले, खाली वाकून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. पण यांनी गवतातून चष्मा शोधला, रुमालानं पुसला आणि माझ्या नाकावर बसवला. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दहा मिनिटांनी गठ्ठेवाला पुढची खेप घेऊन ट्रॅक्टरनं आला. त्यानं साखळी काढली, मागून ओढून यंत्र चारी चाकांवर आणलं, मला हात धरून उतरवलं. मी कपड्यांवरचं गवत झटकत होते.

"बाई," तो म्हणाला, "हा तीनशे दहाचा आहे. पावती देऊ का?" आणि मग खरोखरच नवल वाटल्यासारखं म्हणाला, "पण मुलगी म्हणाली, बाईंना मी लिहून दिलंय. तिला कळलं होतं ना, हा तुमच्याच गोठ्याचा गठ्ठा म्हणून. मार्क गेले तरी चालतील, म्हणाली, पण बाईंना वेळेत कळायला पाहिजे. मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल."

माझ्या दोन सहकारी बाई माझ्याकडे बघत होत्या. एकीचा मुलगा त्याच वर्गात होता. मी म्हणाले, "हो, पाहिलं होतं." यापेक्षा लहान आवाजात मी आयुष्यात काही बोललेले नाही.

विक्रेता सज्जन होता. लहान यंत्र परत घेऊन मधलं द्यायला तो तयार झाला, फक्त नोंदणी रद्द करून आणा म्हणाला. मी पुन्हा त्या खिडकीशी. कारकुनानं फाईल पाहिली.

"स्थिर यंत्राची नोंद रद्द करायची तर निरीक्षक जागेवर येऊन बघतील, ते नोंदलेल्या जागी आहे की नाही."

"ते रोज जागा बदलतं हो."

"मग अडचण आहे," तो म्हणाला. "स्थिर यंत्रानं जागा का बदलली, याचा खुलासा द्यावा लागेल. निरीक्षकांची तारीख पुढच्या महिन्याची सतरा."

पुढच्या महिन्याच्या सतराला गोठ्यात एकही गाय असणार नव्हती. मी घरी गेले नाही, शाळेत गेले. काही उपाय म्हणून नव्हे. मला तो पेपर बघायचा होता. आपण नक्की काय वाचलं नाही, हे मला बघायचं होतं.

पेपरांचं कपाट उघडायला मुख्याध्यापिकांची चिठ्ठी लागायची आणि चिठ्ठीवर कारण लागायचं. मी 'शैक्षणिक' असं लिहिलं. शिपायांनी कुलूप काढलं. मी खाली बसून त्रेचाळीस पेपर उलटले आणि तिचा काढला. माझी तांबडी रेघ होती, शेरा होता, शून्य होतं, शून्याखाली ठसठशीत दुहेरी रेघ. आणि पानाच्या अगदी तळाशी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'मागे पाहा.'

मागे तिनं लिहिलं होतं: 'मधले यंत्र बरोबर आहे. पण लहानच घ्यायचे असेल तर गठ्ठा बदलावा. व्यास १०० सेमी ठेवल्यास वजन १८३ किलो होते. सुळ्यासह २३३. यंत्र २५० चे आहे. माझे वडील असा गठ्ठा बांधून देतात, बांधायच्या यंत्राची एक खुंटी फिरवावी लागते. पावसात ताडपत्री घालावी.' त्याखाली संपूर्ण आकडेमोड, पायरी पायरीनं, जशी मी वीस वर्षं मुलांना करायला सांगत होते.

मी तिथे फरशीवर किती वेळ बसले होते कोण जाणे. शिपाई दोनदा डोकावून गेले.

संध्याकाळी मी गठ्ठेवाल्याकडे गेले. ती अंगणात गठ्ठे बांधायच्या मशीनच्या साखळीला तेल देत होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहते तशीच. मी तिच्या वडिलांशी बोलले. व्यास, खुंटी, किती गठ्ठे, कधी. सगळं बोलले. निघताना तिच्याकडे वळले आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं: "ताडपत्रीचं चांगलं सुचलं तुला."

"हो, बाई," ती म्हणाली.

सव्वीस तारखेला लहान गठ्ठे आले. त्यातला एक वजनकाट्यावर नेला. मी स्वतः गेले, ट्रकवाल्यांच्या मधे उभी राहिले. हे सोबत आले होते. एकशे शहाऐंशी किलो. यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसले. यंत्रावर या वेळी जाऊ बसली. दोन दांडे धरले, सुळा घातला, गठ्ठा उचलला, गरकन वळली आणि आत नेऊन ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  दलाल कुंपणापासून सरळ झाला, पँट झटकली आणि चालू लागला. गोठ्यातून बेसूर शीळ ऐकू आली.

राहिला होता तो सहा गुणांचा प्रश्न. मुख्याध्यापिका म्हणाल्या, निकालपत्रकावर सही झाली आहे, गुण बदलायचे तर छापील अर्ज भरा. अर्जावर कारणाचे दोनच चौकोन होते: 'बेरजेतील चूक' आणि 'नजरचूक'.

"यात तिसरं काही नाही का?" मी विचारलं.

"तिसरं काय असणार?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. मला तेव्हाही सांगता आलं असतं. मी 'नजरचूक'वर खूण केली. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "सातव्या प्रश्नात एका पेपरात थोडी नजरचूक झाली होती, ती सुधारली आहे. पुढचं उदाहरण घ्या." मुलांनी पुढचं उदाहरण घेतलं. तिसऱ्या बाकावर पेन वहीशी समांतर होतं.

दिरांनी पुढे अकरा वर्षं गाई सांभाळल्या. शीळ ऐकून दूध देणारी गाय म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. त्यानंतर ते शीळ घालायचे नाहीत. जाऊ ते यंत्र इतकं सफाईनं चालवायची की लोक आपले गठ्ठे तिच्याकडून उतरवून घ्यायला लागले. आता तिचे गुडघे दुखतात, पण अजून मला ताई म्हणते आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढत नाही. कप्तान शेवटपर्यंत म्हणत राहिले की मोठंच घ्यायला हवं होतं. त्या कारकुनाला बढती मिळाली. निरीक्षक सतरा तारखेला खरंच आले, यंत्र गोठ्यात उभं होतं, 'स्थिर आहे' असं लिहून गेले. आजही कुठल्यातरी फाईलमध्ये ते स्थिरच असेल.

हे जाऊन सहा वर्षं झाली. यांच्या कोटाच्या आतल्या खिशात मला ती वजनकाट्याची पावती सापडली, घडीवर घडी झालेली.

आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी. तिनं वडिलांचा धंदा वाढवला, मग यंत्रांचंच दुकान काढलं. गेल्या वर्षी पुतण्याला नवा लोडर घ्यायचा होता म्हणून त्याच्याबरोबर मी गेले. तिचे केस पांढरे झालेत. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुतण्याला पहिला प्रश्न विचारला, "गठ्ठा तोलून आणलात का?" तो नाही म्हणाला. तिनं पत्रकं मिटली आणि म्हणाली, आधी काट्यावर जाऊन या. तो गेला. आम्ही दोघीच उरलो. तासभर वेळ होता. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो.

परत येताना पुतण्या म्हणाला, "काकू, त्या तुमच्या विद्यार्थिनी ना? तुमच्याबद्दल फार चांगलं बोलत होत्या." 

म्हणून हे लिहिलं. अर्जावर तिसरा चौकोन नव्हता, तो इथे काढते. ती नजरचूक नव्हती. पहिलं पान मी वाचलं होतं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि दुसरं उलटलं नव्हतं.